इंग्लंडचं वार्तापत्र : कोणी कोणाला कळवलं?

स्लाऊ, रविवार रात्र

इथल्या एका मराठी शाळेत मी दर रविवारी बाराखडी शिकवते. दीड तासाचं काम, पगार नाही. तरीही खडू हातात येण्याआधी माझी पोलिसांकडची नोंद तपासली गेली. गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते लिहा, मधे खंड नको. मी डोंबिवलीत माहेरी काढलेले चार महिनेसुद्धा लिहिले. दाखला येईपर्यंत वर्गात मुलांसोबत एकटं थांबायचं नाही, अशी ताकीद मिळाली. खरं सांगते, अपमान वाटला. दोन मुलांची आई आहे हो मी!

हा नियम इतका कडक का, ते पुढे बालरक्षणाच्या प्रशिक्षणात कळलं. ऑगस्ट 2002 मध्ये सोहम नावाच्या गावात दहा-दहा वर्षांच्या दोन मुली नाहीशा झाल्या. खुनी निघाला तिथल्याच एका शाळेचा केअरटेकर. आधी तो हंबरसाइड भागात राहायचा आणि तिथल्या पोलिसांकडे त्याच्याविषयी मुलींच्या बऱ्याच तक्रारी येऊन गेल्या होत्या. त्याला नोकरीवर ठेवताना त्यातली एकही शाळेपर्यंत पोचली नाही. बरोबर बावीस वर्षांनी, ऑगस्टमध्येच, बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि आरोप शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्यावर होता. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं. त्यांचा पहिलाच प्रश्न : ‘शाळेने कोणाला कळवलं, आणि किती वाजता?’

मला उत्तर देता येईना. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, कर्जतकडच्या गाड्या दिवसभर अडकल्या, हे मी घरच्यांकडून ऐकलं होतं. गुन्हा नोंदवायला आईवडिलांना ताटकळावं लागल्याचंही वाचलं होतं आणि त्यावरून उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना आणि शाळेला फटकारल्याचंही. पण या बाईंना हवी होती ती वेळ.

इंग्लंडला ही वेळ विचारायची सवय एका मुलीच्या मरणाने लागली. व्हिक्टोरिया क्लिम्बिए, वय आठ, मूळची आयव्हरी कोस्टची. आईवडिलांनी चांगल्या शिक्षणासाठी नात्यातल्या बाईबरोबर युरोपात पाठवलेली. आपल्याकडे गावाकडची पोर कल्याणला मावशीकडे शिकायला ठेवतात, तसंच. फेब्रुवारी 2000 मध्ये लंडनमध्ये ती गेली तेव्हा तिच्या अंगावर 128 जखमा आणि व्रण होते. आणि ती काही कोणाच्या नजरेआड राहिलेली नव्हती. चार ठिकाणची समाजसेवा खाती, दोन रुग्णालयं, पोलिसांची दोन पथकं, एक मोठी बालरक्षण संस्था, सगळ्यांच्या कागदांत तिचं नाव होतं. एका डॉक्टरने अंगावरच्या खुणा खरजेच्या ठरवल्या, तो शेरा पुढे सगळ्यांनी खरा मानला. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीत दिसलं की तिला वाचवायची संधी निदान बारा वेळा आली होती. 2003 च्या त्यांच्या अहवालात 108 शिफारशी आहेत. त्यातून 2004 चा बालक कायदा आला.

आता इथली पद्धत अशी. नगरपालिका, आरोग्यसेवा आणि पोलीस या तिघांवर प्रत्येक भागातल्या मुलांच्या रक्षणाची सारखी जबाबदारी आहे; 2017 च्या कायद्याने ती तिघांच्या नावावर लिहून टाकली. पुष्कळ ठिकाणी या तिन्ही खात्यांची माणसं एकाच दालनात बसतात. शाळेतून फोन आला की पोलीस आपल्या संगणकात बघतो, नर्स आपल्या, समाजसेविका आपल्या. एकेक तुकडा क्षुल्लक असतो : मूल डबा आणत नाही, दवाखान्याच्या दोन तारखा चुकल्या, शेजाऱ्याने भांडणाची तक्रार केली. तिन्ही शेजारी ठेवले की चित्र दिसतं. धोका गंभीर वाटला तर कामाच्या पंधरा दिवसांत बैठक बसते आणि तिथे शिक्षक, नर्स, पोलीस यांच्यासमोर आईवडीलही असतात. काहींना हे अघोरी वाटेल. मला पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा बरं वाटतं.

आम्हाला शिकवलं ते फार साधं आहे. मूल म्हणालं, ‘बाई, कोणाला सांगणार नसाल तर सांगते,’ तर ते वचन द्यायचं नाही. ‘बाबांनी मारलं का?’ असं विचारायचं नाही, नुसतं ‘सांग’ म्हणायचं. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच दिवशी, वेळ टाकून लिहायचे. एका कागदावर मुलाच्या शरीराची बाह्याकृती छापलेली असते, पुढून आणि मागून. वळ जिथे दिसला तिथे त्यावर खूण करायची. तो कोरा कागद हातात घेतला तेव्हा मात्र माझा अपमान विरला.

आपल्या मंडळींत इथे एक धास्ती कायम असते : धपाटा घातला की सरकार पोर उचलून नेतं. नॉर्वेतल्या बंगाली कुटुंबाची हकिगत, त्यावरचा सिनेमा, सगळ्यांना पाठ आहे. प्रत्यक्षात इथे पोलीस मुलाला जास्तीत जास्त 72 तास ठेवू शकतात, पुढे न्यायालय लागतं. आणि गंमत म्हणजे स्कॉटलंड-वेल्सने बंद केलेला धपाटा इंग्लंडच्या कायद्यात अजून ‘वाजवी शिक्षा’ म्हणून तग धरून आहे.

इथलं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. 2023 मध्ये वोकिंगमध्ये दहा वर्षांच्या सारा शरीफला घरच्यांनी मारून टाकलं. मार्चमध्ये शाळेने तिच्या अंगावरच्या खुणा कळवल्या होत्या. समाजसेवा खात्याने काही दिवसांतच प्रकरण मिटवलं. पुढे बापाने तिला शाळेतून काढलं, घरी शिकवतो म्हणाला, आणि ऑगस्टमध्ये ती गेली. दालन होतं, कागद होता, पण शाळा सुटल्यावर तिच्याकडे बघणारं कोणी उरलं नाही.

आणि कायद्याचं म्हणाल, तर आपलाच कडक आहे. पोक्सो कायद्याने 2012 पासून मुलांवरचा लैंगिक अत्याचार कळूनही न कळवणं हा गुन्हा ठरवला. इंग्लंडमध्ये तशी सक्ती करा, असं राष्ट्रीय चौकशी आयोगाला 2022 मध्ये सांगावं लागलं! आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात मुलांसाठी झटणारी माणसंही आहेत. तीन हात नाक्यावरची, रस्त्यावरच्या मुलांसाठीची सिग्नल शाळा महापालिका आणि एका स्वयंसेवी संस्थेने मिळून 2016 मध्ये उभी केली. फलाटांवर सापडणाऱ्या पोरांना घरी पोचवणारी समतोल फाउंडेशन आहे. जिल्ह्याला बालकल्याण समिती आहे, 24 तासांत मूल तिच्यापुढे न्यावं लागतं. मुलांच्या मदतीचा 1098 हा क्रमांक तर 1996 मध्ये मुंबईतच जन्मला. शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नेमा, असा शासन निर्णय 2022 चा, म्हणजे बदलापूरच्या दोन वर्षं आधीचा. अडतं ते एवढ्यावरच, की फलाटावरच्या कार्यकर्त्याला माहीत असलेलं शाळेला ठाऊक नसतं आणि शाळेला ठाऊक असलेलं पोलीस चौकीला.

पुढच्या पालकसभेत सहलीच्या पैशांचा विषय संपला की हात वर करा आणि विचारा : आपल्या शाळेच्या सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, ती शेवटची कधी बसली, आणि 1098 मुलांना दिसेल अशा उंचीवर कुठे लिहिलाय? मिळालेली उत्तरं तारीख आणि वेळ टाकून लिहून ठेवा.