सुरकुत्या, जखमा आणि पेप्टाइडची कुपी

एके काळी दवाखान्यात येणारा रुग्ण 'डॉक्टर, ताकदीचं इंजेक्शन द्या' म्हणायचा. मग सलाईनचे दिवस आले. ताप उतरला तरी एक बाटली चढवल्याशिवाय घरच्यांचे समाधान होत नसे. हल्ली मीरा रोड-भाईंदरमध्ये नवाच शब्द कानी पडतो, तो म्हणजे पेप्टाइड. लग्न महिन्यावर आलेल्या मुलीची आई विचारते, पन्नाशीचे गृहस्थ विचारतात, आणि व्यायामशाळेत जाणारी मुले तर न विचारताच मागवून मोकळी होतात. कोणाला सुरकुत्या घालवायच्या असतात, कोणाचा खांदा दुखत असतो, कोणाची जखम भरत नसते. तिन्हींवर एकच औषध असे कोणी सांगू लागला की माझ्या भुवया वर जातात. तेव्हा आज या शब्दाची नीट ओळख करून घेऊ.

आपण डाळ, मासळी, अंडी खातो, त्यांतून प्रथिने मिळतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या मण्यांची लांबलचक माळ. माळ आखूड असली, साधारण पन्नासेक मण्यांच्या आतबाहेर, तर तिला पेप्टाइड म्हणतात. शरीरात अशा अनेक आखूड माळा निरोप्याचे काम करतात. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी एक पेप्टाइड फ्रिजच्या दारात ठेवलेले असेलच. मधुमेहाचे इन्सुलिन ते हेच, ५१ मण्यांचे. म्हणजे पेप्टाइड ही काही जादू नाही आणि थोतांडही नाही. प्रश्न एवढाच की कोणते, कशासाठी आणि कोणत्या वाटेने शरीरात जाते.

इन्सुलिन टोचूनच का घ्यावे लागते? तोंडाने घेतले तर पोटात ते मासळीच्या तुकड्यासारखे पचून जाते. कोलॅजनच्या महागड्या पावडरीलाही बऱ्याच अंशी हाच न्याय लागू पडतो. कोलॅजन हे कातडीला आणि हाडांना बळकटी देणारे प्रथिन आहे, तीन पदरांची घट्ट वेणीच म्हणा ना! ही वेणी आपल्याच देशात, मद्रास विद्यापीठात, जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ साली उलगडली. गंमत म्हणजे त्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतले कोलॅजन वापरले होते. पण अशी वेणी पाण्यात कालवून प्यायल्याने ती जशीच्या तशी गालावर जाऊन बसत नाही. पोटात तिचे मणी आणि बारीक तुकडे होतात व शरीर ते आपल्या गरजेप्रमाणे वापरते. या पावडरींच्या २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२५ साली प्रसिद्ध झाला. औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांत त्वचेला फायदा झाल्याचे दिसले नाही. उत्तनचा ताजा बांगडा आणि वाटीभर घट्ट वरण याहून स्वस्त पडते.

आता मलमांकडे वळू. आपली कातडी ही भिंत आहे. बाहेरचे आत येऊ नये म्हणूनच ती आहे. मोठे रेणू तिच्यातून सहसा जात नाहीत. म्हणून मलमात अगदी छोटी पेप्टाइडे घालतात, किंवा त्यांना स्निग्ध शेपूट जोडतात. तांबे धरून ठेवणारे तीन मण्यांचे एक पेप्टाइड लॉरेन पिकार्ट या संशोधकाने १९७३ साली माणसाच्या रक्तात शोधले, ते आज अनेक क्रीममध्ये असते. पाच मण्यांच्या दुसऱ्या एका पेप्टाइडची चाचणी ९३ स्त्रियांवर १२ आठवडे झाली. चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइडचे क्रीम, दुसऱ्या बाजूला साधे. २००५ साली निष्कर्ष आला की बारीक रेषांत थोडा फरक पडला. चाचणी करणारे संशोधक प्रसाधनांच्या कंपनीतलेच होते, आणि फरक 'थोडा' होता, हे दोन्ही लक्षात ठेवावे. नुकसान सहसा होत नाही. पाकीट तेवढे हलके होते. सुरकुत्यांचे मोठे कारण ऊन. ऑस्ट्रेलियात ९०० हून अधिक माणसांवर साडेचार वर्षे झालेल्या चाचणीत रोज उन्हापासून बचावाचे मलम लावणाऱ्यांची त्वचा कमी म्हातारी झाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. भर दुपारी छत्री, टोपी वा पदर यांना तर खर्चही नाही. आणि विडी-सिगारेट ओढत महागडे क्रीम लावणाऱ्याला काय सांगावे!

इथवर सारा हौसेचा मामला होता. माझी खरी काळजी आहे ती टोचण्याच्या कुप्यांची.

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ पावसाळ्यानंतर आले. जुना मधुमेह. नव्या बुटाने करंगळीला फोड आला, तो फुटला, जखम महिनाभर भरेना. दुखत नव्हती म्हणून त्यांनी मनावर घेतले नव्हते. पुतण्याने कुरिअरने पाच छोट्या कुप्या मागवल्या होत्या, आत पांढरी भुकटी. "डॉक्टरसाहेब, एवढं टोचून द्या. मांस भरून येतं म्हणतात," असे म्हणत त्यांनी डबी टेबलावर ठेवली. मी चष्मा लावून लेबल वाचले. 'केवळ संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही' असे इंग्रजीत स्पष्ट छापले होते.

हे होते बीपीसी-१५७, पंधरा मण्यांचे. उंदरांवर त्याचे बरेच प्रयोग झाले आहेत, माणसांवर फार थोडे. भारतात औषध म्हणून त्याला मान्यता नाही. खेळाडूंना तर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून ते वर्ज्य केले. आणि कुपीत खरोखर तेच आहे का, किती आहे, भुकटी निर्जंतुक आहे का, हे सांगणारा कोणी नाही. मी टोचायला साफ नकार दिला.

त्यांची साखर तीनशेच्या वर होती. पायाला टाचणी टोचलेली कळत नव्हती. करंगळी काळपट, वास येत होता. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन शल्यविशारदाकडे पाठवले. करंगळी काढावी लागली, पाय वाचला. चार आठवडे आधी साखर तपासून बूट बदलला असता तर कदाचित बोटही राहिले असते. तो सगळा वेळ 'मांस भरणारी' कुपी येण्याची वाट पाहण्यात गेला होता.

जखम भरते ती शरीर भरते, आपण अडथळे दूर करायचे. जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये डुकरांवर दाखवले की उघडी ठेवून खपली धरलेल्या जखमेपेक्षा झाकून ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते. आपल्या मुंबईत वाडिया रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी भाजलेल्यांसाठी बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली, त्यांचा लेख १९८५ मध्ये आला. साल मांस भरत नव्हती, ती ओलावा टिकवत होती. (त्या साली निर्जंतुक केलेल्या असत. स्वयंपाकघरातली साल जखमेवर ठेवू नये, हे मुद्दाम सांगतो.) हळद, चुना, टूथपेस्ट, शाई यांनाही जखमेवर जागा नाही. भाजले तर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी आणि वर स्वच्छ कापड.

जखमेवरचे अधिकृत पेप्टाइडही आहे बरे का. पेशींना वाढीचा निरोप देणारे ५३ मण्यांचे एक पेप्टाइड शोधणारे स्टॅनली कोहेन १९८६ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्याचे जेल आपल्या देशात हैदराबादला तयार होते आणि मधुमेहाच्या पायाच्या जखमेवर डॉक्टर ते वापरतात. पण मेलेले मांस काढून, जंतू आटोक्यात आणून, साखर उतरवून आणि पायावरचा दाब हटवून झाल्यावरच. खाली पू असताना वरून कोणतेही जेल चोपडले तरी व्यर्थ.

मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा सूनबाईला, नातवाला पाहायला सांगावे. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना ते बघावे. अनवाणी चालू नये, देवळाच्या तापलेल्या फरशीवरसुद्धा मोजे घालून जावे. भोवरी ब्लेडने कापू नये. बोट काळे पडले, वास आला, लाली वर चढू लागली किंवा जखमेसोबत ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आणि जखम दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका; मधुमेहाच्या पायाची न दुखणारी जखम मी दुखणाऱ्या जखमेच्या आधी तपासतो.