नखदीपाची निवड

लग्नकार्याच्या व सणावारांच्या निमित्तानें ज्या नव्या वस्तूंनीं आमच्या घरांत प्रवेश केला आहे, त्यांत नखांवरील जेल पक्कें करण्याचा दिवा ही एक होय. दुकानांत जाऊन नखें रंगवून घेण्याऐवजीं घरींच एक दिवा आणावा व तो जावानणंदांनीं मिळून वापरावा, असा विचार अनेक कुटुंबांत होतो. वडील मंडळींस ही चैन वाटते, तर तरुण मंडळींस वडिलांचा विरोध हा केवळ हट्ट वाटतो. या वादांत आम्हांस पडावयाचें नाहीं. हाताबोटांस रंग लावण्याची हौस आपल्याकडे नवी नव्हे; मेंदीनें ती पिढ्यान् पिढ्या पुरविली आहे. प्रश्न साधनाचा आहे, आणि साधन निवडावयाचें तर तें कसें कार्य करतें हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

साधें नेल पॉलिश वाळतें, तें त्यांतील द्रावक उडून जातो म्हणून. जेलचें तसें नाहीं. त्यांत अ‍ॅक्रिलेट जातीचे लहान रेणू असतात व त्यांच्या सोबतीस प्रकाशानें जागा होणारा एक पदार्थ असतो. योग्य प्रकाश पडतांच तो पदार्थ फुटतो, रेणू एकमेकांस जोडले जातात व घट्ट जाळें तयार होतें. म्हणजे हें वाळणें नसून एका अर्थीं शिजणें आहे. कच्चा राहिलेला भात पोटास बाधतो, तसें कच्चें राहिलेलें जेल कातडीस बाधतें.

दिवे मुख्यतः दोन जातींचे असतात. जुन्या जातींत नळीचे बल्ब असतात. साधारणपणें नऊ वॉटचे चार, म्हणजे एकूण ३६ वॉट. त्यांखालीं प्रत्येक थरास सुमारें दोन मिनिटें लागतात. हे बल्ब वापरानें क्षीण होतात. डोळ्यांस पेटलेले दिसले तरी त्यांचे उपयोगी किरण कमी झालेले असतात, म्हणून ते वेळच्या वेळीं बदलावे लागतात. नवी जात एल्. ई. डी. ची. तिचे किरण बहुधा ३६५ व ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचे असतात, थर अर्ध्या ते एका मिनिटांत पक्का होतो व दिवे पुष्कळ वर्षें टिकतात. घरगुती वापरास ही दुसरी जात आम्हांस अधिक सोयीची वाटते.

दिवा घेतांना पहिली गोष्ट पाहावयाची ती जेल व दिवा यांच्या मेळाची. प्रत्येक जेल ठराविक किरणांनींच नीट पक्कें होतें. यास्तव जेलच्या कर्त्यानें जो दिवा व जितका वेळ सांगितला असेल, तोच प्रमाण मानावा. दुसरी गोष्ट, पेटीवरील वॉटच्या मोठ्या आंकड्यास भुलूं नये. वॉट हा विजेचा हिशेब आहे, नखावर पडणाऱ्या प्रकाशाचा नव्हे. तिसरी, दिव्यांची मांडणी. आंगठा तिरपा राहतो व त्यावर प्रकाश कमी पडतो. म्हणून बाजूंसही दिवे असावेत, अथवा आंगठे वेगळे धरावेत. चौथी, वेळ मोजणारें यंत्र व मंद उष्णतेची सोय. जेल पक्कें होतांना उष्णता निघते व थर जाड असल्यास नख भाजल्यासारखें होतें. पांचवी, तळ निघणारा असावा. अनेक हात एकाच दिव्यांत जाणार असतील, तर तो पुसतां आला पाहिजे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत थोरल्या सुनेनें दिवा व जेल जोडीनें घेतलें होतें. धाकटीनें त्याच दिव्याखालीं दुसरें स्वस्त जेल लावलें. तें वरून टणक, आंतून कच्चें राहिलें. थोड्याच दिवसांत तिच्या बोटांस खाज सुटून भेगा पडल्या. सासूबाईंनीं रागानें दिवा माळ्यावर टाकला. वस्तुतः दोष दिव्याचा नव्हता, सुनेच्या हौसेचाही नव्हता. दोष त्या विजोड जोडीचा होता.

ही बाधा क्षुल्लक मानूं नये. अ‍ॅक्रिलेटचें वावडें एकदां जडलें कीं तें बहुधा जन्मभर राहतें. आणि याच जातीचे पदार्थ दांतांच्या कामांत व सांधे बसवितांनाही वापरतात. 'हेमा' नांवाचा असाच एक घटक असलेलीं नखांचीं प्रसाधनें युरोपीय संघानें २०२१ पासून केवळ व्यावसायिकांसाठीं राखून ठेविलीं. प्रकाशानें जागा होणाऱ्या पदार्थांपैकीं 'टीपीओ' या एकावर त्याच संघानें १ सप्टेंबर २०२५ पासून प्रसाधनांत बंदी घातली. म्हणून बाटलीवरील घटकांची यादी वाचावी व ओलें जेल कातडीस लागूं देऊं नये.

किरणांविषयींही दोन शब्द. अमेरिकेंत २०१४ मध्यें दुकानांतील १७ दिवे तपासले असतां त्यांच्या किरणांच्या तीव्रतेंत मोठी तफावत आढळली. २०२३ मध्यें सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशी अशा दिव्याखालीं वीस मिनिटें ठेवल्या. त्यांतील २० ते ३० टक्के पेशी मेल्या व उरलेल्यांच्या जनुकद्रव्यासही इजा झाली. हा प्रयोग उघड्या पेशींवरचा होता, माणसाच्या हातावरचा नव्हे; त्यावरून या दिव्यांनीं कर्करोग होतोच असें सिद्ध होत नाहीं. तथापि सावधगिरीस खर्च थोडा आहे. बोटांचीं टोकें उघडीं ठेवणारे हातमोजे घालावेत, किंवा आधीं हातांस सनस्क्रीन लावावें. डॉक्सिसायक्लीनसारखें प्रकाशाची बाधा वाढविणारें औषध चालू असल्यास वैद्यांस विचारावें.

संस्कृत कोशांत नखास 'पुनर्भव' असें नांव आहे; तें पुनः पुनः उगवतें म्हणून. बिघडलेलें नख सुमारें सहा महिन्यांत नवें येईल. परंतु एकदां बिथरलेली कातडी तशी पूर्ववत् होत नाहीं. यास्तव दिवा आणावयाचा असेल तर सर्वांच्या संमतीनें, चौकशी करून, एकच चांगला आणावा. त्यास जुळणारें जेलच घरांत ठेवावें. आणि त्याचे नियम ज्येष्ठ सुनेनें धाकट्या मुलींस शिकवावे, हेंच आम्हांस इष्ट वाटतें.