सेरेंगेटीचा पावसाळा आणि सफारीचा ऋतू

'सफारी' हा स्वाहिली शब्द आणि मराठीतील 'सफर' हे दोन्ही एकाच अरबी मुळापासून निघालेले आहेत. स्वाहिलीत त्याचा अर्थ प्रवास एवढाच आहे. मोंबासाहून नैरोबीस कामानिमित्त निघालेला मनुष्यही सफारीवरच निघालेला असतो. वन्य पशू पाहण्यासाठी केलेला प्रवास हा संकुचित अर्थ त्यास युरोपीय शिकाऱ्यांच्या काळात चिकटला आणि पुढे त्याबरोबर सफारीचा एक ठराविक ऋतूही रूढ झाला. जून ते ऑक्टोबर हा पूर्व आफ्रिकेतील कोरडा काळ होय. या काळात गवत आखूड व विरळ होते, रस्ते पक्के असतात, आणि पाणी थोड्याच ठिकाणी उरल्यामुळे जनावरे तेथे आपोआप गोळा होतात. पाहणाऱ्याची यात मोठी सोय होते. उरलेल्या काळास प्रवासव्यवसायात मंदीचा काळ म्हणत. अलीकडे त्याच काळाला 'हरित ऋतू' असे नाव देऊन कमी दराने प्रवासी बोलावले जातात. हे नाव उघडच विक्रीसाठी घडविलेले आहे. तथापि ते ठेवणाऱ्यांच्या मनात होता त्यापेक्षा बराच अधिक अर्थ त्यात भरलेला आहे. कारण ज्या ऋतूत प्रवासी येत नाहीत, त्याच ऋतूत सेरेंगेटीतील प्राण्यांच्या वर्षभराच्या जीवनाचा निकाल लागत असतो.

प्रथम ऋतूंचा विचार केला पाहिजे. आंतरउष्णकटिबंधीय अभिसरणाचा पट्टा सूर्यामागोमाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस व उत्तरेस सरकतो आणि पूर्व आफ्रिकेवरून वर्षातून दोनदा जातो. म्हणून तेथे पाऊसही दोन वेळा पडतो. नोव्हेंबर-डिसेंबरमधील लहान पावसास स्वाहिलीत 'वुली' म्हणतात आणि मार्च ते मेपर्यंतच्या मोठ्या पावसास 'मासिका'. यांच्याशी संबद्ध असलेल्या वाऱ्यांपैकी ईशान्येकडून येणारा 'कास्काझी' व आग्नेयेकडील 'कुसी' हे दोन वारे पश्चिम भारताच्या किनाऱ्यास अपरिचित नाहीत. याच वाऱ्यांच्या आधारे गुजरात-कोकणची गलबते झांझिबारला जात आणि परतत. सेरेंगेटीत लहान व मोठ्या पावसाच्या मधल्या जानेवारी-फेब्रुवारीतही सरी अधूनमधून पडत असल्याने नोव्हेंबर ते मे हा सलग हिरवा काळ मानण्यास हरकत नाही.

मात्र 'आफ्रिकेचा हरित ऋतू' असे सरसकट बोलणे योग्य नव्हे. झांबियातील लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात पावसाळा एकच, नोव्हेंबर ते एप्रिल. बोट्स्वानातील ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात तर उलटाच प्रकार आढळतो. अंगोलाच्या डोंगरांत उन्हाळ्यात पडलेले पाणी संथपणे वाहत जून-जुलैच्या सुमारास तेथे पोहोचते, म्हणजे स्थानिक पाऊस संपून गेल्यावर ऐन कोरड्या हिवाळ्यात पूर येतो. ज्या प्रदेशाविषयी बोलावयाचे त्याचे पर्जन्यमान आणि त्याची भूमी स्वतंत्रपणेच तपासली पाहिजे.

सेरेंगेटीच्या आग्नेयेस न्गोरोंगोरोचा ज्वालामुखी डोंगराळ प्रदेश उभा आहे. आग्नेयेकडून येणारे वारे आपली आर्द्रता त्या डोंगरांवर टाकतात आणि पलीकडील मैदाने पर्जन्यछायेत पडतात. या मैदानांवर वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. वायव्येकडे व्हिक्टोरिया सरोवराच्या दिशेने जावे तसा तो वाढत जाऊन सुमारे दुप्पट होतो. उत्तरेकडील मारा नदीला बाराही महिने पाणी असते, आग्नेय मैदानांवर कायमचा गोडा जलाशय जवळजवळ नाही. न्डुटूसारखी जी तळी आहेत त्यांचे पाणी खारट, क्षारयुक्त आहे. असे असूनही पहिला पाऊस पडताच वाइल्डबीस्ट ऊर्फ नू नावाच्या बैलतोंड्या हरिणांचे प्रचंड कळप भरपूर पाण्याची व उंच गवताची उत्तरेकडील भूमी सोडून या कोरड्या, उघड्या मैदानांकडे धाव घेतात. त्यांच्याबरोबर झेब्रे व थॉमसनची गॅझेल हरिणेही असतात. अधिक पावसाच्या प्रदेशातून कमी पावसाच्या प्रदेशाकडे, आणि तेही पावसाळ्यात, त्यांनी का जावे?

या कोड्याचे उत्तर मातीत आहे. केरिमासी हा मृत ज्वालामुखी आणि ओल डोइन्यो लेंगाई हा जागृत ज्वालामुखी यांची राख हजारो वर्षे वाऱ्याबरोबर पश्चिमेकडे उडून या मैदानांवर साचत आली आहे. मासाई भाषेत ओल डोइन्यो लेंगाई म्हणजे देवाचा डोंगर. त्याचा लाव्हा सिलिकेटांचा नसून सोडियम व कॅल्शियम यांच्या कार्बोनेटांचा असतो, आणि असा लाव्हा ओकणारा दुसरा जागृत ज्वालामुखी आज पृथ्वीवर नाही. दख्खनच्या बेसाल्टशी परिचय असणाऱ्यास ही गोष्ट विशेष नवलाची वाटेल. तो काळा लाव्हा हवेतील दमटपणाने थोड्याच काळात पांढरा पडतो. २००७-०८ मध्येही या डोंगराने मोठ्या प्रमाणावर राख उधळली. पावसाच्या पाण्याबरोबर राखेतील चुना विरघळून खाली मुरतो आणि थोड्या खोलीवर त्याचा टणक थर बनतो. झाडांची मुळे या थरातून खाली जाऊ शकत नाहीत. म्हणून मैलोगणती वृक्ष नाही, केवळ बोटभर उंचीचे दाट गवत. याच राखेच्या थरांना चिरून गेलेल्या ओल्डुवाई घळीत मेरी लीकी यांना १९५९ मध्ये प्राचीन मानवसदृश प्राण्याची प्रसिद्ध कवटी सापडली. त्या थरांनी अस्थी टिकवून धरल्या आणि वरच्या थराने गवत पोसले.

हे आखूड गवत खनिजांनी समृद्ध असते. एस. जे. मॅकनॉटन यांनी १९८८ व १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कळपांचे वास्तव्य आणि गवतातील खनिजद्रव्यांचे प्रमाण यांची सांगड घातली. सोडियम, फॉस्फरस व मॅग्नेशियम ही द्रव्ये या संदर्भात विशेष महत्त्वाची ठरली. उत्तरेकडील उंच गवत पोट भरते, परंतु दूध पाजणारी मादी व वाढते वासरू यांना लागणारी खनिजे त्यातून पुरेशी मिळत नाहीत. शिवाय आखूड गवत चरले गेल्यावर, ओल असेपर्यंत, पुन्हा त्वरित फुटते आणि कोवळ्या पात्यांत प्रथिने अधिक असतात. चरण्यानेच कुरण ताजे राहते असा हा प्रकार आहे. पाऊस थांबला की मात्र पातळ माती आठवड्या-दोन आठवड्यांत वाळते, डबकी आटतात आणि कळपांना नाइलाजाने पश्चिमेकडे व पुढे उत्तरेकडे वळावे लागते. सारांश, उत्तरेकडील प्रदेश हा त्यांचा दुष्काळातील आसरा आहे. संसार मांडण्याची जागा दक्षिणेत आहे.

'संसार' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. वाइल्डबीस्टांचा समागमकाल मे-जूनमध्ये, पाऊस संपता संपता येतो, कारण त्या वेळी नर व माद्या वर्षातील उत्तम प्रकृतीत असतात. सुमारे आठ ते साडेआठ महिन्यांच्या गर्भकालानंतर जानेवारीअखेर ते मार्चच्या आरंभापर्यंत माद्या विऊ लागतात, आणि बहुसंख्य वासरे, सुमारे ऐंशी टक्के, दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. न्गोरोंगोरोतील कळपांचे दीर्घकाळ निरीक्षण करणारे रिचर्ड एस्टिस यांनी या एकाचवेळीपणाचा अर्थ स्पष्ट केला आहे. सिंह, तरस, चित्ते व कोल्हे यांना एका दिवसात जितके खाता येते त्याला मर्यादा असते. वासरांची एकदम रेलचेल झाली की हिंस्र प्राण्यांची पोटे भरतात आणि तरीही बहुतेक वासरे वाचतात. जे वासरू फार लवकर वा फार उशिरा जन्मते ते एकटे पडते व सापडते. जन्मल्यावर सहा-सात मिनिटांत वासरू उभे राहते आणि लवकरच आईच्या बरोबरीने पळू लागते. उघड्या, आखूड गवताच्या मैदानाचा आणखी एक लाभ असा की दबा धरून बसणाऱ्या शत्रूला तेथे आडोसा मिळत नाही.

याच्या उलट कोरड्या ऋतूचे चित्र पाहावे. मदुमा, सिंक्लेअर व हिलबोर्न यांनी चाळीस वर्षांच्या माहितीवरून १९९९ मध्ये असे दाखविले की वाइल्डबीस्टांचे बहुतांश मृत्यू कोरड्या ऋतूतील कुपोषणाने होतात. शिकारी प्राण्यांच्या वाट्यास त्याहून पुष्कळच कमी येतात. प्रवाशांच्या छायाचित्रांतून जगभर गाजलेले मारा नदीचे उड्डाण, मगरींचे जबडे, धुळीचे लोट ही सारी दृश्ये अर्धपोटी कळपांची आहेत. पाहण्याचा उत्तम ऋतू आणि जगण्याचा उत्तम ऋतू हे येथे परस्परविरुद्ध आहेत.

पावसाळ्यात जाणाऱ्यास अर्थातच काही गैरसोय सोसावी लागते. एप्रिल-मेमध्ये अनेक तंबू-निवास बंदच ठेवले जातात. पश्चिमेकडील सखल भागात जी माती आहे तिला पूर्व आफ्रिकेतही कापसाची काळी माती असेच म्हणतात. ही संज्ञा तेथे भारतातूनच गेलेली आहे, आणि विदर्भातील पावसाळी गाडीरस्ता ज्याने पाहिला असेल त्यास त्या मातीत रुतलेल्या मोटारीचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. डास वाढतात व त्यांबरोबर हिवतापाचा धोकाही. झाडीच्या भागात गवत माणसाच्या कमरेपर्यंत चढते आणि पाणी सर्वत्र असल्याने जनावरे पांगतात. कोरड्या ऋतूत पाणवठ्यावर बसून जे सहज दिसते ते येथे शोधावे लागते. परंतु आग्नेय मैदानांवर फेब्रुवारीत हे काही लागू पडत नाही. क्षितिजापर्यंत दृष्टी मोकळी असते, दिवसाउजेडी धावून शिकार करणारा चित्ता येथेच उत्तम दिसतो आणि हवा धुऊन निघालेली असते. पक्ष्यांच्या दृष्टीने तर दुसरा ऋतू विचारातच घेऊ नये. युरोप व उत्तर आशियातून हिवाळ्यासाठी आलेले करकोचे, गरुड, नीलपंख या काळात मैदानांवर असतात. अमूर ससाण्याचा प्रवास याहून लांबचा आहे. सायबेरिया व उत्तर चीनमधून निघालेले हे लहान पक्षी नागालँडमध्ये लाखोंनी थांबतात, भारतीय द्वीपकल्पावरून, म्हणजे महाराष्ट्राच्याही आकाशातून, अरबी समुद्र ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकामार्गे दक्षिणेकडे जातात. पावसानंतर जमिनीतून निघणारी पंखवाली वाळवी हे तेथे त्यांचे मोठे अन्न.

ऋतूंचा हा भेद केवळ प्रवाशापुरता असता तर त्यास फारसे महत्त्व नव्हते. परंतु राष्ट्रीय उद्यानांच्या सीमाही बहुधा जेथे प्राणी सहज दिसतात तेथेच आखल्या गेल्या. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये अस्तित्वात आले आणि थोड्याच वर्षांत, मासाई पशुपालकांचे हक्क व उद्यानाचे नियम यांच्यातील तंटा मिटविण्यासाठी, त्याचा पूर्वभाग वेगळा काढण्याची योजना पुढे आली. बर्नहार्ड ग्रझिमेक व त्यांचा पुत्र मायकेल यांनी १९५८ च्या आरंभी लहान विमानातून प्राण्यांची गणना केली, कळपांचा वर्षभर माग घेतला व गवताचे आणि मातीचे नमुने तपासले. त्यांच्या पाहणीचा निष्कर्ष असा की पावसाळ्यात कळपांचा मोठा भाग नियोजित सीमेच्या बाहेर असतो. १० जानेवारी १९५९ रोजी विमानावर गिधाड आदळून झालेल्या अपघातात मायकेल मृत्यू पावला. त्याच वर्षी सीमा बदलण्यात आली. पूर्वेकडील मैदाने न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात गेली आणि उत्तरेकडे नवा भाग उद्यानास जोडला गेला. नव्या क्षेत्रात मासाईंना गुरांसह राहता आले, आणि नांगर तेथे फारसा पोहोचला नाही, हे कळपांचे भाग्य होय. त्या लोकांचे तेथील वास्तव्य मात्र २०२२ पासूनच्या स्थलांतर-योजनेमुळे पुन्हा वादाचा विषय झाले आहे.

ग्रझिमेक पितापुत्रांनी वाइल्डबीस्ट मोजले ते सुमारे एक लक्ष. त्या काळी बुळकांडीचा रोग गुरांतून या कळपांत येत असे आणि वासरे दगावत. आसपासच्या गुरांना लस टोचली गेली तसा १९६० नंतरच्या काही वर्षांत तो कळपांतून नाहीसा झाला, आणि १९७७ पर्यंत संख्या तेरा लक्षांच्या आसपास गेली. पुढील दशकांत विमानातून केलेल्या नमुना-गणना याच्या आगेमागेच राहिल्या. उपग्रहचित्रांतील प्राणी गणकयंत्राकरवी मोजून २०२५ मध्ये जे आकडे प्रसिद्ध झाले ते मात्र याच्या निम्म्याहून कमी आहेत. संख्या घटली की मोजण्याची रीत बदलली, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

पावसाळी कुरण गमावले तर काय होते याचे उदाहरण शेजारीच केनियात आहे. मासाई मारा राखीव क्षेत्रात कोरड्या ऋतूत येणारा वाइल्डबीस्टांचा एक वेगळा कळप पावसाळ्यात लोइटा मैदानांवर जात असे व तेथेच वीत असे. या मैदानांवर यांत्रिक गव्हाची शेती पसरली. १९७७ च्या सुमारास एक लक्षाच्या वर असलेला हा कळप वीस वर्षांत एक-तृतीयांशाहून खाली आला. राखीव क्षेत्राच्या आत या काळात कोणी एक काडीही हलविली नव्हती.

टांझानियातील तरांगिरे उद्यानाची रचनाही अशीच एकांगी आहे. नदीकाठचे हे उद्यान कोरड्या ऋतूत हत्तींनी व कळपांनी गजबजते. पाऊस सुरू होताच वाइल्डबीस्ट व झेब्रे उद्यानाबाहेर पडून पूर्वेस सिमांजिरो मैदानांवर आणि उत्तरेस नॅट्रॉन सरोवराच्या दिशेने जातात. पावसाळ्यातील पाहुण्यास उद्यान रिकामे वाटते ते यामुळे. कळप त्या वेळी मासाईंच्या गायरानात गुरांशेजारी चरत असतात. सिमांजिरोतील तेरात या गावाशी २००५ च्या सुमारास काही प्रवासी कंपन्यांनी करार केला. गावाने मैदानातील आखूड गवताचा पट्टा नांगराखाली आणू नये, गुरे मात्र पूर्ववत चारावीत, आणि कंपन्यांनी त्याबद्दल गावास दरवर्षी ठराविक रक्कम द्यावी, असे त्याचे स्वरूप आहे. ही रक्कम ज्या प्रवाशांच्या पैशातून येते त्यांपैकी बहुतेकांनी ते मैदान कधी पाहिलेले नसते, कारण ते येतात ऑगस्टमध्ये, आणि त्या वेळी तेथे वाळलेल्या गवताखेरीज पाहण्यासारखे फारसे काही नसते.