तिसरी फळी

आमच्या महाविद्यालयाच्या क्रिकेट संघात मी गेली दोन वर्षे आहे, हे मी भेटेल त्याला अभिमानाने सांगतो. "कितव्या क्रमांकावर खेळतोस?" असे कोणी विचारले, की मात्र मला एकदम काहीतरी महत्त्वाचे काम आठवते. कारण माझा क्रमांक बारावा! पाण्याच्या बाटल्या, कोरडे हातमोजे आणि कर्णधाराचे निरोप यांची ने-आण हे माझे खाते.

असा हा बारावा गडी संगणकावर मात्र एका संपूर्ण संघाचा सर्वेसर्वा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, त्याच्या मित्रांच्या स्पर्धेत मला ओढले. खेळ अमेरिकन फुटबॉलचा. येथे बटणे दाबून गडी पळवायचे नसतात. आपण प्रशिक्षक. कोणी कोठे उभे राहायचे ते ठरवायचे, डावपेच आखायचे. मग प्रत्येक गड्याचा वेग, ताकद, पकड यांचे गुण पाहून संगणकच सामना खेळवतो.

वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून थोडे मूळ खेळाविषयी. नाव फुटबॉल असले तरी येथे चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. मैदानावर एका बाजूचे ११ गडी. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाकडे. चढाईचे ११ गडी वेगळे आणि बचावाचे ११ वेगळे. पण याखेरीज एक तिसरी फळी असते. तिला 'स्पेशल टीम्स' म्हणतात. चेंडूला लाथ मारायची वेळ आली, की ही मंडळी मैदानात येतात. नावातला 'फूट' खरा ठरतो तो येथेच.

पहिल्या हंगामात मी चढाई आणि बचाव यांच्या याद्या करण्यात तीन रात्री घालवल्या. तिसऱ्या फळीचे पान आले तेव्हा झोप अनावर झाली होती. 'आपोआप भरा' असे बटण दिसले. दाबले आणि मोकळा झालो. संगणकाने इमानेइतबारे सर्वांत वेगवान गडी शोधला आणि प्रतिपक्षाने मारलेला चेंडू झेलून परत धावण्याच्या कामावर नेमला. दुर्दैवाने तोच माझ्या चढाईचा आधारस्तंभ होता. तिसऱ्याच सामन्यात असा चेंडू घेऊन धावताना त्याचा गुडघा गेला आणि हंगामभर तो बाहेर बसला. मी फोनवर नशिबाला बोल लावू लागलो, तेव्हा दादा म्हणाला, "अरे, नशीब कसले? शेवटचे पान तू उघडून तरी पाहिलेस का?"

मग मी ते पान उघडले. त्यात एक नव्हे, सहा याद्या होत्या. सामना सुरू करताना चेंडू मारणाऱ्यांची आणि तो परतवणाऱ्यांची. चौथ्या प्रयत्नाला चेंडू दूर टोलवणाऱ्यांची, म्हणजे 'पंट'ची, आणि तो झेलणाऱ्यांची. तीन गुणांसाठी खांबांमधून चेंडू मारणाऱ्यांची, म्हणजे 'फील्ड गोल'ची, आणि तो अडवणाऱ्यांची. प्रत्येक यादीत ११ नावे. अमेरिकेतील व्यावसायिक संघात, म्हणजे एन. एफ. एल.मध्ये, ५३ खेळाडू असतात. सामन्याच्या दिवशी त्यांतले साधारणतः ४८ उतरवता येतात. चढाई-बचावाचे मुख्य २२ वजा केले, की उरलेल्यांतूनच बहुतेक याद्या भरायच्या. गणित जमवायचे ते येथे.

पंटच्या यादीत दोन नावे फार विचारपूर्वक लिहावी लागतात. चेंडूला लाथ बसेपर्यंत एन. एफ. एल.मध्ये फक्त दोन्ही टोकांच्या गड्यांनाच रेषा ओलांडून पळता येते. यांना 'गनर' म्हणतात. चेंडू झेलणाऱ्यावर पहिली झडप यांची. तेथे वेग हवा, पण केवळ वेग नको. कबड्डीत चढाई करणाऱ्याला धरायला लागते तशी पकडही हवी. राखीव बचावपटूंत असे गडी सापडतात. उलट, पंट झेलणारा निवडताना मी आधी त्याचे हात पाहतो आणि मग पाय. त्याच्या हातून चेंडू निसटला आणि प्रतिपक्षाने उचलला, तर सगळी मेहनत पाण्यात.

सामन्याच्या आरंभीच्या लाथेचा नियम २०२४ साली बदलला. पूर्वी दोन्हीकडचे गडी लांबून धावत येऊन एकमेकांवर आदळत आणि दुखापती होत. आता चेंडू मारणारा सोडून त्याच्या बाजूचे बाकीचे दहाजण प्रतिपक्षासमोर पाच-दहा यार्डांवर उभे राहतात आणि चेंडू खाली पडेपर्यंत किंवा कोणी झेलीपर्यंत हलत नाहीत. ज्या खेळात हा नवा नियम आला आहे, तेथे नुसत्या पळणाऱ्यांपेक्षा झटापट करणारे दणकट गडी अधिक उपयोगी पडतात.

फील्ड गोलचे गणित सोपे आहे. चेंडू ज्या रेषेवर असेल तिच्यात १७ यार्ड मिळवायचे: दहा यार्ड गोलक्षेत्राचे आणि सात मागे चेंडू फेकण्याचे. म्हणजे चेंडू ३० यार्डांच्या रेषेवर असेल, तर लाथ ४७ यार्डांची. मात्र लाथ मारणारा एकटा काही करू शकत नाही. वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकणारा 'लाँग स्नॅपर' आणि तो गुडघ्यावर बसून झेलून जमिनीवर टेकवणारा 'होल्डर', या तिघांचे काम दीड सेकंदाच्या आत उरकावे लागते. मी तर राखीव स्नॅपरचेही नाव आता आठवणीने लिहितो.

ही काळजी अनाठायी नाही. ५ जानेवारी २००३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत न्यूयॉर्क जायंट्सचा संघ ३८-१४ असा पुढे होता. पाहता पाहता तो ३८-३९ असा मागे पडला. अखेरच्या क्षणी ४१ यार्डांवरून फील्ड गोल मारला असता तर सामना त्यांचा होता. स्नॅपर ट्रे जंकिन हा निवृत्त झालेला ४१ वर्षांचा अनुभवी गडी; नड म्हणून त्याच आठवड्यात त्याला बोलावून घेतले होते. त्याची फेक चुकली, लाथ मारताच आली नाही आणि संघ स्पर्धेबाहेर गेला.

याच्या उलटही घडते. २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या संघाला वर्षभर घरचे मैदान नव्हते. २५ सप्टेंबर २००६ रोजी ते परत आले आणि सामना सुरू होऊन दोन मिनिटे होतात न होतात तोच स्टीव्ह ग्लीसनने अटलांटाचा पंट झेप घेऊन अडवला. सुटलेला चेंडू सहकाऱ्याने उचलला आणि पहिले गुण झाले. ग्लीसन हा तिसऱ्या फळीचा खेळाडू. त्या झेपेचा पुतळा २०१२ पासून त्या स्टेडियमबाहेर उभा आहे.

दुसऱ्या हंगामात मी सहाही याद्या स्वतःच्या हाताने भरल्या. मुख्य धावपटूला या कामातून सोडवले, एकाच गड्याला चार याद्यांत राबवणे थांबवले आणि प्रत्येक जागेला एक बदली ठेवला. मी विजेता झालो नाही. बारा संघांत पाचवा आलो. पण दोन सामने तीन-तीन गुणांनी जिंकलो, आणि त्या दोन्हींत निर्णायक पकड एका गनरची होती. त्याचे नाव पहिल्या हंगामात मला माहीतही नव्हते.

याची मला खरी लाज वाटली. राखीव बाकावर दोन वर्षे बसलेला मी. पण हाती सत्ता येताच राखीव माणसांची नावे वाचायचा कंटाळा केला! गेल्या महिन्यात आमच्या एका सामन्यात मी बदली म्हणून मैदानात गेलो आणि एक झेल घेतला. धावफलकात बदली खेळाडूचे नाव येत नाही; नुसते 'झेल – बदली' असे लिहितात. मी ते तीनदा वाचले. घरी येऊन संगणक उघडला आणि शेवटच्या पानापासून सुरुवात केली.