बँक बुडाली, पत उरली : सोमालियाची अर्थकथा

सरकार उरलेले नाही, मध्यवर्ती बँक लुटली गेली आहे, न्यायालये ओस पडली आहेत. अशा देशात दुकान उघडे राहू शकते काय? व्यापारी कुटुंबांना हा प्रश्न केवळ कल्पनेतला वाटेल. आफ्रिकेच्या पूर्व टोकावरील सोमालियाने मात्र हे दिवस प्रत्यक्ष भोगले आहेत.

१९६० साली स्वतंत्र झालेल्या या देशाला तीन हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. मोठ्या नद्या मात्र दोनच, जुबा आणि शबेल्ले. त्यांचाही उगम इथिओपियात. बहुसंख्य लोक पिढ्यान्‌पिढ्या उंट व शेळ्यामेंढ्या पाळत आले. पशुधन हीच मुख्य निर्यात आणि सौदी अरेबिया हा तिचा मोठा ग्राहक. मुंबईशीही या किनाऱ्याचे जुने नाते आहे. उत्तरेकडील डोंगरांतील झाडांचा, धूपासाठी जाळला जाणारा सुगंधी डिंक एकोणिसाव्या शतकात एडनमार्गे मुंबईच्या बाजारात येत असे.

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली व यादवी माजली. बँका बुडाल्या, ठेवीही बुडाल्या. तरीही सोमाली शिलिंगची नोट बाजारात फिरत राहिली. पुढे सरदारांनी व व्यापाऱ्यांनी परस्पर नोटा छापून आणल्या. चलनात जवळजवळ सगळ्या बनावट नोटाच उरल्या. लोकांनी त्या स्वीकारल्या, कारण शेजारचा दुकानदार त्या स्वीकारत होता.

खरा आधार ठरला तो हवाल्याचा. लंडन, दुबई किंवा मिनियापोलिस येथील मुलाने तेथील पेढीवर रक्कम भरायची आणि मोगादिशूतील आईला ती इकडच्या पेढीतून मिळायची. हिशेब दोन्ही पेढ्या मागाहून मिटवीत. आपल्याकडील हुंडीची आठवण करून देणारा हा व्यवहार कुळाच्या ओळखीवर आणि दिल्या शब्दावर चाले. परदेशस्थ आप्तांकडून वर्षाला शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम येते, असा अंदाज आहे. २००९ नंतर मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आली आणि भाजीवालीही डॉलरमध्ये मोबाइलवर पैसे घेऊ लागली. यादवीत घरचा कर्ता पुरुष गमावलेल्या कितीतरी स्त्रियांनी अशाच लहान व्यापारावर संसार सावरले.

मात्र या पतीलाही मर्यादा आहेत. ती नात्यापर्यंत पोहोचते, नात्याबाहेर क्वचितच. २०११ च्या दुष्काळात सुमारे २ लाख ६० हजार माणसे दगावली. त्यांतील जवळपास निम्मी पाच वर्षांखालील बालके होती. सर्वाधिक झळ बसली ती दोन नद्यांमधील शेतकरी समाजांना. परदेशात पैसे धाडणारे आप्त त्यांच्यापैकी फारच थोड्यांना होते. सशस्त्र अल-शबाबने मदत संस्थांची वाट अडवली होती आणि धान्य पोहोचवील असे समर्थ शासन नव्हते. ज्याचे कोणी नाही, त्याच्यासाठी शासन असावे लागते, हे त्या वर्षाने फार मोठी किंमत घेऊन शिकवले.

रस्त्यांचेही तसेच. नाक्यानाक्यावर सशस्त्र गट वसुली करतात आणि तो खर्च अखेर मालाच्या किमतीवर चढतो. वीज बहुतांशी खासगी जनित्रांची व महाग. वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज, पूररोधक बांध किंवा सर्वांसाठी शाळा या गोष्टी केवळ शब्दावर उभ्या राहत नाहीत.

२०१२ पासून तेथे संघराज्य सरकार आहे. वर्षानुवर्षे महसुलाची शिस्त पाळल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४५० कोटी डॉलरच्या कर्जाची माफी पूर्णत्वास गेली. २०१८ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६४ टक्के असलेले परकीय कर्ज ६ टक्क्यांच्या खाली आले. मार्च २०२४ मध्ये देश पूर्व आफ्रिकी समुदायाचा पूर्ण सदस्य झाला. हिंसाचार अद्याप थांबलेला नाही. पण नवी उधारी मिळण्याइतकी पत राष्ट्रानेही आता कमावली आहे.

व्यापाऱ्याच्या शब्दाने दुकान तगले. आता कर भरून शासन उभे करण्याचे कठीण काम सोमाली व्यापाऱ्यांपुढे आहे; कारण दुकानापर्यंतचा रस्ता एकट्या दुकानदाराला बांधता येत नाही.