विश्लेषण : डोंगरवाटांवर कोणता मिररलेस कॅमेरा न्यावा? वजन, लेन्स आणि पावसाचे गणित काय?

पाऊस ओसरू लागला की कासच्या पठारावर फुलांचे ताटवे दिसू लागतात, गडकिल्ल्यांच्या वाटा भटक्यांनी भरून जातात आणि नेमक्या त्याच सुमारास सणासुदीच्या सवलतींच्या जाहिरातीही सुरू होतात. निसर्गचित्रणासाठी ‘चांगला कॅमेरा’ घेण्याचा विचार अनेकांच्या मनात या दिवसांत बळावतो. दुकानात किंवा संकेतस्थळावर तुलना होते ती कॅमेऱ्याच्या बॉडीची. पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना पाठीवर असते ती मात्र बॉडी, लेन्स, ट्रायपॉड, जादा बॅटऱ्या आणि तीन लिटर पाणी. लाखभर रुपये मोजण्याआधी हा सगळा हिशोब एकत्र मांडायला हवा.

आरसा गेला, पण वजन किती घटले?

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडून वरच्या प्रिझममधून डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये हा आरसा आणि प्रिझम दोन्ही नसतात. सेन्सरला जे दिसते तेच छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर आपल्याला दिसते. पॅनासॉनिकने २००८ मध्ये असा पहिला लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणला, सोनीने २०१३ मध्ये फुल-फ्रेम ‘ए७’ काढला आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन हे दोन्ही जुने दादा फुल-फ्रेम मिररलेसमध्ये उतरले.

आरसा गेल्याने बॉडी बारीक झाली. निकॉनच्या डी८५० या डीएसएलआरचे वजन बॅटरी आणि कार्डासह १००५ ग्रॅम आहे, तर सोनी ए७सी २ या फुल-फ्रेम मिररलेसचे ५१४ ग्रॅम. फरक जवळजवळ निम्म्याचा आहे. फसगत होते ती यापुढे. सेन्सर तितकाच मोठा राहिला की त्यावर पुरेसा प्रकाश टाकणारी काचही मोठीच लागते. सोनीची २४-७० मिलिमीटर एफ/२.८ जीएम २ ही लेन्स ६९५ ग्रॅमची आहे, म्हणजे बॉडीपेक्षा जड. वाइड लेन्समध्ये मात्र खरा फायदा झाला. आरशाची जागा मोकळी झाल्याने लेन्सची मागची काच सेन्सरच्या जवळ आणता आली. निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होते, नव्या झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटर आहे. म्हणूनच पूर्वी सुमारे एक किलोची असलेली १४-२४ एफ/२.८ लेन्स आता ६५० ग्रॅमवर आली.

फोनने भागत नाही का?

बऱ्याच जणांचे भागते, हे दुकानदार सांगणार नाही. बहुतेक फोनचा पडदा १०८० बाय २४०० ठिपक्यांच्या आसपास असतो, म्हणजे जेमतेम २६ लाख ठिपके. २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात २ कोटी ४० लाख ठिपके असतात. फोटो फक्त स्टेटसला किंवा इन्स्टाग्रामवर जाणार असतील, तर भर उन्हात फोन आणि महागडा कॅमेरा यांतला फरक बघणाऱ्याला कळतही नाही.

फरक दिसतो तो पहाटे. सूर्य उगवण्याआधीचा अर्धा तास, दरीतला काळोख आणि वरचे तांबूस आभाळ एकाच चौकटीत धरायचे असते तेव्हा. धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून शटर सेकंदभर उघडे ठेवायचे असते तेव्हा. किंवा दूरच्या डोंगररांगा एकामागे एक निळसर पदरांसारख्या टिपायच्या असतात तेव्हा. आणि अर्थात, फोटो छापून भिंतीवर लावायचा असेल तेव्हा. यांपैकी काहीच करायचे नसेल तर पैसे वाचवावेत आणि त्यातून आणखी चार ट्रेक करावेत.

फुल-फ्रेमच घ्यावा लागतो का?

नाही. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ चा आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३ चा. मोठा सेन्सर जास्त प्रकाश गोळा करतो, त्यामुळे सावलीतले बारकावे उजळवताना त्यात कमी दाणे दिसतात. सूर्योदयाच्या फोटोत हा फायदा खरा आहे. पण त्यावर जुना आणि फुकटचा उपायही आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे तीन फोटो घ्यायचे आणि नंतर ते एकत्र जोडायचे. वाऱ्याने गवत जोरात हलत असेल तर हा उपाय फसतो, एरवी चालतो.

छपाईचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. ए३ आकाराच्या कागदावर ३०० डीपीआयने उत्तम छपाई करायला साडेसतरा मेगापिक्सेल लागतात. म्हणजे २० मेगापिक्सेलचा सर्वात लहान सेन्सरही घरातल्या भिंतीला पुरतो. मोठे फलक किंवा प्रदर्शनासाठीच ४० मेगापिक्सेलच्या पुढचा विचार करावा.

एफ/२.८ की एफ/४?

सर्वाधिक पैसे आणि सर्वाधिक वजन इथे वाया जाते. एफ/२.८ म्हणजे लेन्सचे भोक मोठे, प्रकाश दुप्पट. लग्नाच्या मांडवात किंवा नाटकाच्या प्रयोगात ते लागतेच. पण निसर्गचित्रात पायाजवळचा दगड आणि क्षितिजावरचा सुळका दोन्ही रेखीव हवे असतात, म्हणून भोक मुद्दाम लहान करून एफ/८ ते एफ/११ वर फोटो काढला जातो. म्हणजे एफ/२.८ साठी जादा पैसे द्यायचे, ती काच गडावर चढवायची आणि वर गेल्यावर ते भोक बंद करून ठेवायचे.

कॅननची १५-३५ एफ/२.८ लेन्स ८४० ग्रॅमची आहे, तर १४-३५ एफ/४ ही ५४० ग्रॅमची. सोनीची १६-३५ एफ/२.८ जीएम २ भरते ५४७ ग्रॅम, तर एफ/४ पीझेड ३५३ ग्रॅम. किमतीतही मोठे अंतर आहे. एफ/८ वर काढलेल्या दोन फोटोंत कोणता कुठल्या लेन्सचा हे सांगणे जाणकारालाही अवघड जाते.

लहान सेन्सरवाल्यांना आणखी एक सवलत मिळते. मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/४ ला जितके खोलवर सगळे रेखीव दिसते, तितके फुल-फ्रेमवर एफ/८ ला दिसते. मात्र त्यावर एफ/८ च्या पुढे फार जाऊ नये. भोक फारच बारीक झाले की प्रकाश पसरतो आणि फोटो मऊ पडतो. फुल-फ्रेमवरही एफ/२२ चा मोह टाळलेलाच बरा.

अपवाद रात्रीचा. उन्हाळ्यात भंडारदऱ्याच्या परिसरात आकाशगंगा किंवा पावसाच्या तोंडावर काजवे टिपायचे तर मोठ्या भोकाची लेन्स हवीच. त्यासाठी जड झूम घेण्याऐवजी एकच छोटी प्राइम लेन्स जवळ ठेवावी. कॅननची १६ मिलिमीटर एफ/२.८ अवघी १६५ ग्रॅमची आहे. सोनीची २० मिलिमीटर एफ/१.८ ही ३७३ ग्रॅमची, पण ताऱ्यांसाठी जास्त कामाची.

वाइड लेन्स पुरते का?

निसर्गचित्र म्हटले की लोक आधी अतिवाइड लेन्स घेतात. कोकणकड्यासाठी ते बरोबर आहे. आत वळलेला तो प्रचंड कडा एका चौकटीत बसवायचा तर फुल-फ्रेमच्या हिशोबात १४ ते १६ मिलिमीटरच लागतात. पण त्याच लेन्सने तोरण्यावरून राजगडाचा फोटो काढला, तर डोळ्यांना भव्य दिसणारा गड चौकटीत एवढासा टेकाड होतो. तिथे १०० ते ३०० मिलिमीटरची टेली लेन्स हवी. हिवाळ्यातल्या सकाळी धुक्यात बुडालेल्या रांगा याच लेन्सने एकमेकींना चिकटून येतात. कासला ताटव्यात पाय ठेवायचा नसल्याने वाटेवरूनच फुलांचा गालिचा दाट दाखवायचा, तर तिथेही टेलीच उपयोगी पडते. एक वाइड आणि एक हलकी टेली अशी जोडी असेल, तर मधल्या टप्प्यातली लेन्स घरी राहिली तरी चालते.

पावसात काय टिकते?

सह्याद्रीत हा प्रश्न मेगापिक्सेलपेक्षा मोठा आहे. ‘वेदर सील्ड’ म्हणजे बटणांच्या आणि जोडांच्या कडेला रबराची पट्टी बसवलेली असणे, कॅमेरा पाण्यात बुडवता येणे नव्हे. शिवाय बॉडी सील्ड आणि लेन्स साधी असेल तर पाणी माउंटमधून आत जाते, म्हणून दोन्ही तशा हव्यात. फुजीफिल्म एक्स-टी५ सील्ड आहे, पण त्याच ४० मेगापिक्सेल सेन्सरचा, दिसायला देखणा आणि १२० ग्रॅमने हलका एक्स-टी५० सील्ड नाही. सवलतीच्या जाहिरातीत ही ओळ सापडत नाही. ओएम सिस्टीमच्या ओएम-५ ला आयपी५३ मानांकन आहे, म्हणजे धूळ आणि शिंतोडे या दोन्हींची चाचणी झालेली आहे.

नाणेघाटात पावसाळ्यात वारा धबधब्याचे पाणी उलटे वर उडवतो. तिथे सील्ड कॅमेरा जगतो, पण पुढच्या काचेवर थेंब बसून फोटो जातो. लेन्स हुड आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी ठेवलेली तीन-चार मायक्रोफायबर फडकी हाच उपाय. ओल्या खडकांची आणि पानांची चकाकी मारायला पोलरायझर फिल्टर घ्यावा. एका फिल्टरपुरतेच पैसे असतील तर हाच.

घरी आल्यावरचा शत्रू बुरशी. दमट हवेत बंद कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे वाढतात आणि एकदा वाढले की काच पूर्ववत होईलच असे नाही. स्वयंपाकघरातला हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आत छोटा आर्द्रतामापक एवढ्याने काम भागते. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. कॅमेरा तांदळात पुरून ठेवू नये, पीठ आत जाते. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते. पोहोचण्याआधी थोडा वेळ एसी बंद करावा किंवा कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

मग संच कोणता?

वजने जुळवली की चित्र स्पष्ट होते. डी८५० सोबत जुन्या २४-७० आणि १४-२४ एफ/२.८ लेन्स घेतल्या की काटा तीन किलोच्या आसपास जातो. निकॉन झेड५ २ सोबत २४-१२० आणि १४-३० या एफ/४ लेन्स घेतल्यास १,८१५ ग्रॅम. कॅनन आर८ सोबत २४-१०५ एफ/४ एल आणि १५-३० मिळून १,५५१ ग्रॅम; पण आर८ ची बॅटरी लहान आहे, बॉडीत कंपनरोधक यंत्रणा नाही आणि १५-३० सील्ड नाही. सोनी ए७सी २ सोबत एकच २०-७० एफ/४ नेली तर १,००२ ग्रॅममध्ये बरेच काम होते. फुजी एक्स-टी५, १६-५० आणि १०-२४ मिळून १,१८२ ग्रॅम, तिन्ही सील्ड.

सर्वात चकित करणारा आकडा ओएम-५ चा. ८-२५ आणि ४०-१५० या दोन एफ/४ प्रो लेन्ससह १,२०७ ग्रॅममध्ये फुल-फ्रेमच्या हिशोबात १६ ते ३०० मिलिमीटरचा जवळजवळ सगळा पल्ला येतो. त्यात सॉफ्टवेअरचा एनडी फिल्टरही आहे, त्यामुळे धबधब्याला काच लावावी लागत नाही. उणीव म्हणजे मूळ ओएम-५ ला टाइप-सी चार्जिंग नाही, ते मार्क २ मध्ये आले. आपल्या शहरात दुरुस्ती कुठे होते हे विचारल्याशिवाय मात्र हा संच घेऊ नये. ज्यांना रात्रीचे आकाश फारसे टिपायचे नाही, त्यांना एपीएस-सी हा मध्यम मार्ग सर्वाधिक मानवेल.

ट्रायपॉड कार्बन फायबरचा, एक ते सव्वा किलोचा पुरे. मधला दांडा वर न ओढता तो छातीपर्यंत आला तरी ठीक. वाऱ्यात उंच ट्रायपॉड थरथरतो.

जुना घेताना काय पाहावे?

बजेट कमी असेल तर २०१८ चा फुजी एक्स-टी३ यांसारखा सील्ड कॅमेरा जुन्यात पाहावा आणि वाचलेले पैसे लेन्सवर घालावेत. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स त्याहून बराच काळ टिकते. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून पाहावा, धागे किंवा धुरकटपणा दिसला तर किंमत कितीही कमी असो, परत द्यावी. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढल्यास सेन्सरवरचे डाग कळतात. नवा घेताना भारतातली वॉरंटी असलेले बिल आणि त्यावरचा सीरियल नंबर जुळवून घ्यावा.

मुंबई-पुण्यात कॅमेरे दिवसाच्या भाड्यानेही मिळतात. हप्ते सुरू होण्याआधी मनातला संच एका शनिवार-रविवारपुरता भाड्याने आणावा, पाण्यासह सॅकमध्ये भरावा आणि जवळच्या एखाद्या गडावर चढून पाहावे. कॅमेरा किती वेळा बाहेर निघाला आणि किती वेळा ‘जाऊ दे’ म्हणत आतच राहिला, हे त्या दोन दिवसांत कळते.