मुलाला डिझाइन शिकवायचे की गेम? फी भरण्यापूर्वी हे वाचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की कर्जत, नेरळ, चौक, खोपोली येथील आपल्या दुकानदार व कारागीर बांधवांच्या घरी एकच प्रश्न असतो : मुलाला पुढे काय शिकवावे? अलीकडे मुले दोन नावे घेऊन येतात. एक ग्राफिक डिझाइन आणि दुसरे व्हिडिओ गेम तयार करणे. वडिलांना पहिल्यात नुसती चित्रे काढणे दिसते आणि दुसऱ्यात नुसते खेळत बसणे. उलट काही खाजगी क्लासवाले नोकरीची हमी देऊन मोठी फी सांगतात. घरचे दागिने किंवा दुकानाचे भांडवल मोडण्याची पाळी येण्याआधी या दोन्ही शिक्षणांची माहिती करून घेणे जरुरीचे आहे.

हा पेशा आपल्याला परका नाही

बोर्ड रंगवणारे पेंटर, लग्नपत्रिका छापणारे प्रेसवाले, स्क्रीन प्रिंटिंगवाले, गाड्यांवर अक्षरे काढणारे कारागीर हे सर्व ग्राफिक डिझाइनचेच काम करीत आले. फ्लेक्सचे मशीन आले आणि ब्रशचा धंदा बसला. ज्यांनी वेळीच कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी शिकून घेतली ते टिकले.

आपल्या भागात गिऱ्हाईकही आहे. माथेरानची हॉटेले, कर्जत-नेरळकडची फार्महाऊसे, खोपोलीचे कारखाने, २००५ साली उभा राहिलेला एन. डी. स्टुडिओ, २०१३ मध्ये खालापूर तालुक्यात सुरू झालेले इमॅजिका. अशा ठिकाणी बोर्ड, मेनूकार्ड, लेबल, खोकी, तिकिटे व जाहिराती लागतातच. हे काम मुंबईच्या डिझायनरकडे जाते की आपल्या मुलाकडे येते, हे मुलाच्या तयारीवर ठरेल.

ग्राफिक डिझाइनमध्ये काय शिकवतात?

अक्षराचे वळण, रंगांचा मेळ, कागदावरची मांडणी आणि छपाईची पद्धत ही या शिक्षणाची चार अंगे आहेत. एक उदाहरण घ्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे रंग लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे बनतात. छपाईचे रंग मात्र निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईतून येतात. म्हणून पडद्यावर झगझगीत दिसणारी पत्रिका छापून आल्यावर फिकी पडते आणि गिऱ्हाईक पैसे अडवतो. शिकलेला मुलगा हे आधीच सांभाळतो.

मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात १९३५ साली उपयोजित कलेचा विभाग निघाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. २०२३ मध्ये जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणून तेथील प्रवेशाची सूचना वेगळी पाहावी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून पायी जाता येते, हा लोकलने जाणाऱ्या मुलाला मोठा फायदा. बी.एफ.ए. ही पदवी चार वर्षांची आहे. राज्यातील कला महाविद्यालयांसाठी एएसी-सीईटी परीक्षा होते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र काढावे लागते.

पवईला आयआयटीमध्ये १९६९ पासून डिझाइनचे केंद्र आहे आणि २०१५ पासून तेथे बी.डेस. पदवी आहे. तिची यूसीड ही प्रवेश परीक्षा कला, वाणिज्य व विज्ञान अशा कोणत्याही शाखेच्या बारावीच्या मुलाला देता येते.

गेम तयार करणे आणि जुगार

बऱ्याच घरांत गेम म्हटले की पैसे लावून खेळायचे पत्ते व रमी डोळ्यांसमोर येतात. ही शंका रास्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. व्हिडिओ गेम तयार करणे हा त्याहून वेगळा, सिनेमासारखा उद्योग आहे.

एका गेममागे चित्रकार, कथा व टप्पे रचणारा, प्रोग्रामर, आवाज देणारा आणि चुका शोधणारा अशी अनेक माणसे असतात. ज्याचे गणित पक्के त्याने कॉम्प्युटरची पदवी घेऊन प्रोग्रामिंगकडे जावे. ज्याचा हात चांगला त्याने डिझाइनची पदवी घेऊन चित्रांकडे वळावे. मुंबईत २०२५ मध्ये भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली असून तिच्यात ॲनिमेशनबरोबर गेमचेही शिक्षण आहे.

मात्र हा झटपट पैशाचा धंदा नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने 'राजी' हा गेम केला. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभे करण्याचा तिचा प्रयत्न फसला. तरी काम चालू ठेवून २०२० मध्ये तिने गेम बाजारात आणला व त्याला परदेशातही गिऱ्हाईक मिळाले. एवढी वर्षे पगाराविना काढण्याची ताकद प्रत्येक घरात नसते. म्हणून मुलाने प्रथम नोकरी धरावी, स्वतःचा गेम नंतर करावा.

फी भरण्यापूर्वी

१. मिळणारा कागद पदवीचा, पदविकेचा की नुसत्या प्रमाणपत्राचा, हे लेखी विचारा. पदवी असेल तर विद्यापीठाचे नाव घ्या व ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत पाहा.

२. कर्जत तालुक्यात विजयभूमी व युनिव्हर्सल एआय ही खाजगी विद्यापीठे आहेत. घराजवळ म्हणून भुलू नका आणि खाजगी म्हणून टाळूही नका. पूर्ण मुदतीची फी, वसतिगृह व परीक्षा यांचा खर्च एकत्र मांडून सरकारी संस्थेशी ताडून पाहा.

३. मागील तुकडीतील दोन-तीन मुलांना भेटा. ती कोठे कामाला आहेत, किती पगारावर आहेत, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

४. महाडीबीटीवरील अल्पसंख्याक शिष्यवृत्तीची व मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी प्रवेशाआधी करा. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा.

आधी वर्षभर पारख

मुलगा आठवी-नववीत असेल तर त्याला एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसवा. खर्च थोडा आणि हाताची पारख पक्की होते. घरी कॉम्प्युटर असेल तर चित्रांसाठी इंकस्केप व ब्लेंडर आणि गेमसाठी गोडो ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. वर्षभरात मुलाने चार बोर्ड, दोन लेबले किंवा एक छोटा गेम पुरा केला तर त्याची ओढ खरी समजावी. काहीच पुरे झाले नाही तर लाखाची फी वाचली म्हणावे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे क्षणात चित्र काढून देतात. त्यामुळे नुसते बटण दाबणाऱ्याला भाव राहणार नाही. पण देवनागरी व उर्दू अक्षर बिनचूक लावणारा, गिऱ्हाईकाचे म्हणणे समजून घेणारा आणि छपाईची जबाबदारी अंगावर घेणारा माणूस लागणारच आहे. फ्लेक्स आला तेव्हा आपल्यापैकी पुष्कळ जण बेसावध होते. या वेळी मुलांना पाया भक्कम असलेले शिक्षण द्यावे आणि ते चौकशी करूनच द्यावे.